चांदणं खरंच गार असतं का?

आपल्या धाराशिवकडं एक गोष्ट कुणाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. थंडीच्या दिवसांत पौर्णिमेला एक लोखंडी घमेलं अंगणात पालथं ठेवा आणि तसंच दुसरं पडवीत. पहाटे हात लावून बघा. अंगणातलं जास्त गार लागतं, आणि बहुतेक वेळा त्याच्यावर दवही साचलेलं असतं. माळवदावर झोपणाऱ्याची घोंगडी वरून थंड आणि दमट होते, आत ओसरीत बाज टाकणाऱ्याची होत नाही. कारण विचारा, उत्तर तयार असतं: चांदण्यानं गार पडतं.

मी विज्ञानाच्या इतिहासावर पीएचडी करते. पेटची तयारी करणारे आणि कोर्सवर्कला नुकतेच बसलेले वाचक मला नेहमी विचारतात की "संशोधन प्रश्न" म्हणजे नेमकं काय आणि तो चुकीचा कसा असू शकतो. व्याख्या नेट-सेटच्या गाइडात मिळतात. त्यापेक्षा हा चांदण्याचा प्रश्न घेऊ, कारण तो शंभर-दीडशे वर्षं चांगल्या चांगल्या माणसांनी चुकीच्या जागी शोधला.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. निरीक्षण खरं आहे. अंगणातलं घमेलं खरोखरच जास्त गार होतं, थर्मामीटर लावला तरी. "अंधश्रद्धा" असा शिक्का मारून पुढं जाणाऱ्याच्या हातून इथं सगळा विषयच निसटतो. वादाचा मुद्दा "चांदण्यानं" या एका शब्दापुरता आहे.

हा शब्द आपल्याकडं फार खोल रुजलेला आहे. संस्कृतात चंद्राला हिमांशु, शीतांशु, शीतरश्मी म्हणतात, म्हणजे त्याचे किरणच गार. चरकसंहितेत शरद ऋतूतल्या "हंसोदक" पाण्याचं वर्णन येतं, दिवसा सूर्यानं तापलेलं आणि रात्री चंद्रकिरणांनी निवलेलं. कोजागरीला दुधात चंद्र दिसला पाहिजे हा आग्रह घरोघरी आहे. तुळजापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आई भवानी निद्रा घेते ती अश्विन पौर्णिमेपर्यंत, आणि त्या पौर्णिमेसाठी सोलापूरकडून, कर्नाटकातून हजारो माणसं रातोरात चालत येतात. पाऊस सरलेला, आभाळ निवळलेलं, बालाघाटाच्या पठारावर रात्री पहिल्यांदाच अंगावर काटा येतो, आणि डोक्यावर पूर्ण चंद्र. गारवा आणि चंद्र एकत्रच भेटतात. मग दोघांचं नातं लागणारच.

हीच समजूत युरोपातही होती, आणि तिथं ती आधी आरशानं तपासली गेली. १७०५ मध्ये पॅरिसला ला इर नावाच्या खगोलज्ञानं सुमारे ३५ इंच व्यासाचा अंतर्गोल आरसा घेतला. सूर्याचे किरण त्यानं एकवटले तर वस्तू पेटते. त्याच आरशानं त्यानं पूर्ण चंद्राचा प्रकाश एकवटला आणि त्या काळातल्या सर्वांत नाजूक थर्मामीटरवर पाडला. पारा हलला नाही. वरही नाही, खालीही नाही.

इथं थांबा आणि त्याचा प्रश्न नीट वाचा. "चंद्रप्रकाशात उष्णता आहे की थंडी?" उत्तराच्या दोन्ही पर्यायांत कर्ता चंद्रच आहे. घमेलं गार करणारा तिसराच कुणी असू शकतो ही शक्यता प्रश्नातच बंद झालेली होती. ला इरचा प्रयोग चोख होता, निष्कर्ष त्याच्या साधनांपुरता बरोबर होता, आणि तरीही अंगणातल्या घमेल्याबद्दल त्यातून काही कळलं नाही.

दार उघडलं ते एका डॉक्टरनं, आणि तेही चंद्राचा विचार बाजूला ठेवून. विल्यम चार्ल्स वेल्स लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात होता. त्याला दवाचं कोडं पडलं होतं. दव आभाळातून पडतं की जमिनीतून वर येतं, यावर तेव्हा जुंपलेली होती. वेल्सनं दोघांनाही बाजूला सारलं आणि रात्र-रात्र बागेत बसून मोजायला लागला. साधनं काय? लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके, तराजू, थर्मामीटर, एक लाकडी फळी. फळीच्या वरच्या अंगाला एक पुंजका, खालच्या अंगाला दुसरा. सकाळी वजन केलं तर वरच्यानं खालच्यापेक्षा तिपटीहून जास्त दव धरलेलं. दोन्हींच्या भोवती हवा तीच. फरक एवढाच की एकाला आभाळ दिसत होतं आणि दुसऱ्याला फळी.

मग त्यानं चार काठ्यांवर एक पातळ हातरुमाल गवतापासून सहाएक इंचांवर ताणून बांधला. रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कित्येक अंशांनी ऊबदार राहिलं. एवढासा रुमाल! वारा अडवायला तो काही भिंत नव्हता. तो अडवत होता फक्त आभाळाचं दर्शन.

वेल्सचा दुसरा शोध क्रमाचा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. लोक म्हणत की दव पडतं म्हणून वस्तू गार होते. त्यानं दाखवलं की वस्तू आधी गार होते, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार, आणि मग तिच्यावर दव धरतं. कारण आणि परिणाम उलटे लावले गेले होते. १८१४ मध्ये त्याचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढं जॉन हर्शेलनं आणि १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलनं अनुमानाची पद्धत समजावताना नमुना म्हणून हाच अभ्यास घेतला. तुमच्या संशोधन पद्धतीच्या पेपरात मिलच्या "अन्वय" आणि "व्यतिरेक" पद्धती असतात ना, त्यांच्या उदाहरणात हे दव आहे. गाइडातून तेवढं गळून गेलंय.

वेल्सचं स्पष्टीकरण थोडक्यात असं. प्रत्येक वस्तू रात्रंदिवस डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकत असते. आज आपण त्यांना अवरक्त किरण म्हणतो. आजूबाजूच्या वस्तूही तसेच किरण टाकतात, म्हणजे देणं-घेणं चालू राहतं. ही कल्पना जिनिव्हाच्या प्रेव्होनं १७९१ मध्ये मांडली होती. पडवीत तुमचं घमेलं जेवढं देतं जवळजवळ तेवढं छप्पर त्याला परत करतं. अंगणात समोर मोकळं आभाळ. ते परत देतं, पण कमी. हिशेब रात्रभर तोट्यात जातो आणि घमेलं गारठतं. ढग आले की तेच छप्पर होतात. वारा सुटला की भोवतालची हवा ऊब आणून देते. म्हणून दव पडतं ते निरभ्र आणि निवांत रात्री. शाळूच्या रानात हिवाळ्यात सकाळी गेलात तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. आदल्या रात्री आभाळ आलेलं असेल तर कोरडे परत येता. हे रानात राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वेल्सच्या पुराव्यातला एक मोठा तुकडा भारतातून गेलेला होता. उत्तर भारतात गंगेच्या काठच्या शहरांत, जिथं हिवाळ्यातही हवा सहसा गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही, तिथं कारागीर बर्फ तयार करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं अलाहाबादची ही पद्धत १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली. उघड्या रानात उथळ खड्डे, तळाला उसाच्या चिपाडाचा नाहीतर कडब्यासारख्या कोरड्या काडाचा जाड थर, त्यावर मातीची बिनझिलईची पसरट भांडी आणि त्यांत बोटभरही नाही एवढं उकळून गार केलेलं पाणी. पहाटे त्यावर बर्फ धरायचा. खालचा थर जमिनीची ऊब अडवतो, वरून पाणी आभाळाला उष्णता देत राहतं. बार्करला बाष्पीभवन महत्त्वाचं वाटलं होतं. वेल्सनं दाखवलं की मुख्य काम आभाळाकडं जाणाऱ्या किरणांचं आहे. पुस्तकात नाव आलं ते बार्करचं आणि वेल्सचं. कोणत्या रात्री भांडी मांडायची आणि कोणत्या रात्री मांडून उपयोग नाही हे रोज ठरवणाऱ्या कुंभार-मजुरांची नावं कुठंच नाहीत. विज्ञानाचा इतिहास वाचताना ही जागा रिकामी दिसत राहते, तुम्हीही ती बघायला शिका.

आता चंद्राकडं परत येऊ. फ्रान्सच्या माळ्यांची तक्रार होती की एप्रिल-मेच्या सुमाराचा "तांबडा चंद्र" कोवळे कोंब करपवतो: चंद्र दिसला त्या रात्री कोंब गोठतात, ढगाआड राहिला तर वाचतात. राजा अठराव्या लुईनं याबद्दल थेट लाप्लासला विचारलं आणि एवढा मोठा गणिती निरुत्तर झाला, अशी हकिगत अरागोनं लिहून ठेवली आहे. अरागोनं वेल्सचा निबंध वाचलेला होता, त्यामुळे त्यानं कोडं सोडवलं. माळ्यांचं निरीक्षण बरोबर. चंद्र दिसतो याचा अर्थ आभाळ उघडं आहे, आणि उघड्या आभाळाखाली कोंब हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतात. चंद्र नुसता साक्षीदार.

आपल्या भाषेत तर ही गल्लत शब्दातच बसलेली आहे. "टिपूर चांदणं" आपण कधी म्हणतो? ढग नसताना. पौर्णिमेला आभाळ भरून आलं तर त्या रात्रीला कुणी चांदणी रात्र म्हणत नाही. म्हणजे "चांदण्या रात्री गार असतात" हे वाक्य बोलण्याआधीच आपण ढगाळ पौर्णिमा वगळून टाकलेल्या असतात. तुमच्या नमुना निवडीत जेव्हा असा पूर्वग्रह शिरतो तेव्हा तो प्रश्नावलीतून कमी आणि शब्दांतून जास्त शिरतो. शिवाय अमावस्येच्या रात्री मुद्दाम वर बघतं कोण? तिचा गारवा कुणाच्या खात्यावर मांडला जात नाही.

आणि तरी आपल्या जिल्ह्यापाशी उलट तपासणीचा पुरावा घरातच आहे. येळवस! मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडं सगळं गाव रानात असतं, कोपीत पूजा, भज्जी, आंबील. त्या सुमाराच्या रात्री आठवा. चंद्राचा पत्ता नाही आणि थंडी हाडात शिरते. चांदण्यानंच गार होत असतं तर ही रात्र वर्षातली ऊबदार निघायला हवी होती.

चंद्र गारवा देत नाही, मग उष्णता देतो का? या प्रश्नाची स्वतंत्र शर्यत एकोणिसाव्या शतकात लागली. मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञानं १८४६ मध्ये व्हेसुव्हियसवर मीटरभर व्यासाचं भिंग आणि विद्युत तापमापक वापरून चंद्राची ऊब पहिल्यांदा सुई हलवून दाखवली. पण काचेच्या भिंगाची एक खोड आहे. काच उजेड आत सोडते, उष्णतेचे लांब किरण अडवते. आयर्लंडच्या लॉर्ड रॉसनं १८६८ नंतर भिंग सोडून तीन फुटी आरसा घेतला आणि मध्ये काचेची तावदानं ठेवून-काढून बघितलं. सूर्याची बहुतेक उष्णता काचेतून पार झाली, चंद्राची थोडीच. म्हणजे चंद्राकडून येणारा मोठा वाटा परावर्तित उजेडाचा नसून तापलेल्या खडकाच्या स्वतःच्या किरणांचा आहे. ज्याला आपण शीतांशु म्हणतो त्याचा पौर्णिमेला समोर दिसणारा मधला भाग १०० अंश सेल्सियसच्याही वर तापलेला असतो. उकळत्या पाण्यापेक्षा गरम!

अमेरिकेत लँग्लीनं बोलोमीटर नावाचं आणखी नाजूक उपकरण बनवलं आणि १८८० च्या दशकात चंद्राची उष्णता वर्णपटात पसरवून मोजली. चंद्र क्षितिजाजवळ असताना किरण जास्त हवेतून येतात, डोक्यावर असताना कमी. ही आकडेवारी १८९६ मध्ये स्वीडनच्या अर्‍हेनियसनं उचलली आणि हवेतली वाफ व कार्बन डायऑक्साइड किती उष्णता अडवतात याचा हिशेब तिच्यावरून मांडला. जागतिक तापमानवाढीचा पहिला मोठा हिशेब असा चांदण्यावर उभा आहे. लँग्ली ज्यासाठी मोजत होता ते चंद्राचं तापमान त्याला नीट मिळालं नाही. आपली आकडेवारी पुढं कुणाच्या काय कामाला येईल हे सांगता येत नाही, म्हणून ती व्यवस्थित छापून ठेवायची.

आज आपण दोन्ही बाजू आकड्यांत मांडू शकतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद. त्याचा उजेड आणि त्याची उष्णता मिळून वातावरणाच्या वर दर चौरस मीटरला साधारण ०.०२ वॅट येतात, जमिनीपर्यंत त्याहून कमी. उलट निरभ्र, कोरड्या रात्री घमेलं आभाळाला जी निव्वळ उष्णता देतं ती दर चौरस मीटरला ७० ते १०० वॅटच्या घरात असते. म्हणजे चंद्र जे देतो त्याच्या काही हजार पट आभाळ घेऊन जातं. चंद्रामुळे वस्तू तापते हे खरं, पण अंशाच्या फार तर काही हजाराव्या भागाएवढी. १९९५ मध्ये बॉलिंग आणि सर्व्हेनी यांनी "सायन्स"मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं की पृथ्वीच्या खालच्या वातावरणाचं सरासरी तापमान अमावास्येपेक्षा पौर्णिमेला ०.०२ अंशानं जास्त असतं. गार नव्हे, जास्त. आणि त्यासाठी अख्ख्या पृथ्वीची सरासरी घ्यावी लागली.

इथं विषय संपला असं वाटेल, पण रात्रीच्या गारव्यानं पुण्यात आणखी एक धक्का दिला. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास तिथल्या हवामान खात्यात कृषी हवामानाचा विभाग बघत. पुस्तकाप्रमाणं निरभ्र रात्री सर्वांत गार जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, आणि तिथून वर जाल तशी हवा ऊबदार. रामदास आणि आत्मनाथन यांनी पुण्यासह भारतात ठिकठिकाणी उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीला थर्मामीटर लावले आणि १९३२ मध्ये जाहीर केलं की सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, ती काही वीत वर असते. गुडघ्याच्या आसपास गारठा जास्त, खाली जमिनीपाशी कमी! जड गार हवा वर आणि हलकी ऊबदार हवा खाली ही रचना टिकूच कशी शकते? बाहेरच्या जाणकारांनी मापनातला दोष म्हणून ती बाजूला ठेवली. पंचवीस वर्षांनी राश्के या जर्मन संशोधकानं पुण्यातच पुन्हा मोजमाप करून १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं. रामदासांचं म्हणणं खरं निघालं. गणिती सिद्धान्त यायला १९९३ उजाडलं, रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. त्यानंतर बंगळुरूच्या प्रयोगांनी हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची भूमिका पुढं आणली आणि चर्चा अजून चालू आहे. या थराला आज जगभर "रामदास थर" म्हणतात.

शेतकऱ्याला यातून काही मिळतं का? मिळतं. निफाडकडं थंडीच्या लाटेत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात. आपल्याकडं भाजीची रोपं वाचवायला पाचट नाहीतर जुनं लुगडं अंथरतात. ते लुगडं म्हणजे वेल्सचा रुमालच. ते कधी घालायचं हे तिथीवर ठरवणारा माणूस निरभ्र अमावास्येला रोपं उघडी ठेवतो आणि गमावतो.

आता तुमच्यासाठी प्रयोग. बहुतेक जण एक थाळी चांदण्यात आणि दुसरी फळीच्या सावलीत ठेवतात, फरक मोजतात आणि चंद्राचा परिणाम सिद्ध झाला म्हणतात. फळीनं चंद्र झाकला हे खरं, पण अर्धं आभाळही झाकलं. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो, तेव्हा झाकायचा तर तेवढाच झाकायला हवा. बांबूच्या टोकाला १० सेंटिमीटरची पुठ्ठ्याची तबकडी लावा आणि ती वस्तूपासून ३ मीटरवर, चंद्राच्या रेषेत धरा. खाली सुमारे ७ सेंटिमीटरची पूर्ण सावली मिळते. तिच्यात मावेल अशी काळा रंग दिलेली छोटी लोखंडी चकती ठेवा, खाली थर्माकोल.

एवढ्यानंही भागत नाही. ती तबकडी चंद्राच्या दहा-पंधरा पट आभाळ झाकते, आणि त्यामुळे वाचणारी उष्णता चंद्राच्या उष्णतेच्याच तोडीची असते! म्हणून दुसऱ्या चकतीवरही तशीच तबकडी, तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच तिरकस, फक्त चंद्राच्या रेषेतून बाजूला. चंद्र सरकतो तशी सावली मिनिटाला सव्वा सेंटिमीटर हलते, तेव्हा दर दोन मिनिटांनी बांबू सरकवायला एक सोबती लागेल. कोजागरीचा मोह टाळा, त्या दिवसांत परतीच्या पावसाचे ढग येतात. येळवशीची रात्र आणि तिच्यानंतर पंधरा दिवसांनी येणारी पौष पौर्णिमा ही जोडी बरी. ०.१ अंश दाखवणाऱ्या थर्मामीटरवर दोन चकत्यांत फरक दिसू नये. दिसलाच, तर आधी चकत्यांची अदलाबदल करून बघा. आणि नोंदवहीत तिथीच्या शेजारी ढगांचा आणि वाऱ्याचा रकाना आखून घ्या, दर अर्ध्या तासाला भरायचा.